नट संवाद विसरतो

२१ जून, शनिवार

परत तुटला!

सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि घरातले मोबाईल एकामागोमाग केकाटले — ‘यूपीएसशी संवाद तुटला.’ भुपेंद्र एका पायात चप्पल घालून हॅचरीकडे पळाला. लाईट होती. मोटर चालू होती. हौदातलं पाणी छान गोल फिरत होतं. फक्त माझ्या कॉम्प्युटरला शेजारीच ठेवलेला यूपीएस दिसत नव्हता. आणि नवरोबा धापा टाकत घरी पोचेस्तोवर संवाद आपोआप जुळलाही होता!

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, ओसरीवर दाढी करत बसले होते. एका गालाला फेस, एक गाल साफ. म्हणाले, “त्या पोग्रामचं नाव काय सांगतलं होतं वो तू?”

“नट, मामाजी.”

“नट! अन् संवादच इसरते! आमच्या दंडारीत असता तर पयल्याच रात्री घरी धाडला असता त्याले.” दंडार म्हणजे इकडचं गावातलं नाटक.

आत पोळ्या लाटणाऱ्या आईंचं लाटणं थांबलं. हसत होत्या. सासू हसली, सासरा हसला, नवरा हसला. आता इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘नट’ होतं, त्याला मी काय करू?

हसा. मीच बसवलाय, मीच सरळ करीन.

२२ जून, रविवार

डोकं जागेवर यावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आमच्या हॅचरीत रोहू-कतला माशांची अंडी गोल हौदात असतात. पाणी फिरत राहिलं की अंडी तरंगतात. फिरायचं थांबलं की तळाशी बसतात, एकमेकांवर दाटतात, गुदमरतात. मोटर वरची टाकी भरते, टाकीचं पाणी हौदाला. लाईट गेली तर टाकी पाऊणेक तास पुरते. तेवढ्यात डिझेलचं जनरेटर चालू करायचं. एवढंच.

पण लाईट गेल्याचं कळायला हवं ना! आजवर ते काम एकच यंत्र करत होतं — मामाजी. नत्थूभाऊ सानगडीवाले. हंगाम लागला की त्यांची खाट हौदाजवळ. झोपेत मोटरचा आवाज बंद झाला की जागे. पावसात तिथेच, मागच्या वर्षी अंगात ताप असताना तिथेच. सकाळी उठले की खाटेखाली विंचू पाहायचा आणि मग चहा मागायचा.

म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर मोटरच्या खोलीत नेला. इतका जुना की त्यावर फक्त लिनक्सच चालतं. त्याला छोटा यूपीएस. लाईट गेली की यूपीएसला कळतं, यूपीएस ते यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरला सांगतो, तिथे नट कान देऊन बसलेला असतो, तो आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप पाठवतो. मामाजी घरी पलंगावर झोपतील. मोबाईल वाजला तर दोन बांध ओलांडून जातील. किती सोपं!

फक्त ती यूएसबी दिवसातून कितीदा तरी तुटते. तुटलेली असताना लाईट गेली तर नट मुका. आणि मोसमातला एक हौद गेला तर काय, ते विचारूच नये.

दुसरं कारण फक्त इथे लिहिते. नागपूरच्या माझ्या जुन्या ऑफिसने परत बोलावलंय. सप्टेंबरपासून. भुपेंद्रलाही तिकडे एका शीतगृहात काम कबूल झालंय. घरात अजून बोललो नाही. भुपेंद्र म्हणतो, “मशीन नीट चालू दे, मग सांगू. बाबाले असंच सोडून गेलो तर मले झोप लागणार नाही.”

म्हणजे आमचं नागपूर एका यूएसबीच्या वायरीला लटकलंय.

२४ जून, मंगळवार

सापडलं!!

लिनक्सच्या कर्नलचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडून बसले. यूपीएस मध्येच ‘निघून गेला’, लगेच ‘नवीन वस्तू जोडली’ — असं पानभर. तो परत येतो तेव्हा लिनक्स त्याला ओळखत नाही. नवा पाहुणा समजतो. आणि नटाकडे नव्या पाहुण्याशी बोलायची परवानगीच नाही! मी स्वतः मुख्य मालकीण बनून प्रोग्राम चालवला की बोलतो, एरवी नाही. एक नियमाची ओळ लिहिली — हा यूपीएस कितीदाही आला-गेला तरी नटाला त्याच्याशी बोलू द्यावं. पूर्ण कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर मुद्दाम काढून लावली. बोलला!

मामाजी दारात उभे राहून पाहत होते. त्यांना सांगितलं, घरात गडी ठेवला आणि किल्ली द्यायलाच विसरले, तसं झालं होतं.

“म्हंजे इतके दिवस हा बाहीरून बोंबलत होता?”

“हो.”

“अन् आपण घरात बसून म्हणत होतो, याले संवाद येत नाही!” फार हळहळले. नटाबद्दल त्यांना पहिल्यांदाच सहानुभूती वाटलेली पाहिली.

२५ जून, बुधवार

दिवसभरात एकदाही नाही! भुपेंद्रला गुलाबजाम कबूल केलेत.

२६ जून, गुरुवार

तुटला. गुलाबजाम रद्द.

२८ जून, शनिवार

परवानगीने एवढंच झालं की तुटल्यावर लवकर जुळतो. पण तुटतो कशाला?

आज नवीन संशय. लिनक्सला काटकसरीची सवय. जी वस्तू गप्प दिसेल तिला तो झोपवून टाकतो, वीज वाचावी म्हणून. आमचा यूपीएस बोलतोच कमी. लाईट असताना बोलायचं तरी काय? तर बिचाऱ्याला झोपवत असेल. ती झोपवायची सोय बंद केली.

हे जेवताना सांगितलं ही चूक झाली. मामाजींनी घास खाली ठेवला.

“मले रोज म्हणते, मामाजी झोपा, मामाजी झोपा. अन् तो गरीब झोपते तं त्याले उठवते! उलटीच सून भेटली का मनकर्णा आपल्याले?”

आई म्हणाल्या, “तुमी दोघंही रातभर जागा. मी अन् तृप्ती झोपतो.”

मग मामाजींनी माझ्या ताटात आपल्या हाताने माशाचा मोठा तुकडा वाढला. “खाय. तो पेंग्विन तं खाते म्हणते फुकटचे.” कॉम्प्युटरवरचं पेंग्विनचं चित्र पाहिल्यापासून त्यांचं हे चालू आहे — हॅचरीत मासे खाणारा पक्षी नेऊन बसवला कोणी, तर शिकलेल्या सुनेने!

१ जुलै, मंगळवार

कमी झालंय. बंद नाही झालं.

वायरच खराब असेल म्हणून भुपेंद्रला साकोलीला पाठवलं. नीट सांगितलं — एका टोकाला चपटं, दुसऱ्या टोकाला चौकोनी, प्रिंटरला लागते तशी, आखूड, जाड. कागदावर चित्र काढून दिलं.

दुपारी आला. समोसे आणले. चटणी आणली. आईंसाठी पातळ फडकं आणलं. वायर आणली — मोबाईल चार्ज करायची!

“दुकानदार म्हणे, सारख्याच असतात.”

“आणि तू मान हलवली?”

“समोसे गरम होते ना.”

याच्याशी मी लग्न केलं. कोणी जबरदस्तीही केली नव्हती.

२ जुलै, बुधवार

स्वतः जाऊन वायर आणली. समोसे आणले नाहीत. तुटतोच आहे.

३ जुलै, गुरुवार

आज मोटरच्या खोलीतच ठाण मांडलं. लॉग समोर उघडा ठेवला आणि नुसती पाहत बसले.

टाकी भरली, मोटर बंद झाली. काही नाही. थोड्या वेळाने टाकी उतरली, मोटरचा स्टार्टर खाडकन पडला, आणि पडद्यावर त्याच क्षणी ओळ उमटली — यूपीएस गेला! पुन्हा थांबले. पुन्हा खाडकन, पुन्हा गेला! मग मीच हाताने मोटर बंद-चालू करून पाहिली. अगदी नाचवल्यासारखा नाचत होता.

इतके दिवस मी लिनक्सला बोल लावत होते. दोष लिनक्सचा नव्हताच! मोटर उठताना जो धक्का देते, तो या एवढ्याशा वायरीत शिरत होता. आणि शिरणारच. माझी यूएसबीची वायर कोणीतरी नीटनेटकी मोटरच्या जाड वायरीलाच गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवली होती. ‘कोणीतरी’ म्हणजे मीच. दिसायला छान दिसत होती.

सुतळी कापली. वायर भिंतीच्या दुसऱ्या अंगाने नेली. फरक पडला, पण पूर्ण नाही. मग वायरमन इश्वरभाऊंना फोन केला. उद्या येतो म्हणाले, म्हणजे परवा येतील.

५ जुलै, शनिवार

इश्वरभाऊ आले. खोलीत गेले, बोर्ड उघडला, मीटर लावलं, बाहेर आले आणि म्हणाले, “ताई, तुमच्या अठी अर्थिंगच नाही.”

“असं कसं? वायर तर बाहेर गेलीय!”

“गेली नं. पाहा कुठं गेली ते.”

मागच्या अंगाला गेलो. भिंतीतून बाहेर आलेली अर्थिंगची तार जमिनीत गेलेलीच नव्हती. ती पलीकडच्या पळसाच्या झाडाला ताणून बांधली होती. आणि तिच्यावर मामाजींचं जाळं वाळत होतं!

भुपेंद्र खाली बसला हसत. इश्वरभाऊ डोक्यावरची टोपी काढून उभे. मी मामाजींकडे पाहिलं. मामाजी आभाळाकडे पाहत होते.

“पयल्या साली खाली गाडली होती,” म्हणाले. “मंग कुदळीनं तुटली. मी म्हटलं, आता लोंबूनच राहिली, तं कामात तरी येऊ दे.”

“अन् शॉक बसला असता म्हणजे?” भुपेंद्र.

“जाळ्याले कायचा शॉक?”

आईंनी जाळं काढलं, घडी केली आणि मामाजींच्या खांद्यावर आणून ठेवलं. ओरडल्या असत्या तर मामाजींना कमी लागलं असतं.

६ जुलै, रविवार

अर्थिंगचा खड्डा झाला. भुपेंद्र कंबरेएवढा खोल गेला, मग मामाजींनी त्याला वर ओढून स्वतः उतरून आणखी खोदलं. कालची भरपाई चालू होती. तांब्याची पट्टी उतरवली. वर कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा. जाडं मीठ कमी पडलं तर आईंनी लोणच्यासाठी ठेवलेलं आणून दिलं. वरून पाणी.

खड्डा भरताना मामाजी म्हणाले, “कोणाले पुरून राहिलो आपण, मालूम आहे?”

“कोणाले?”

“माह्या खाटेले.”

सगळे हसले. मीही हसले. मग जरा वेळाने हसू आलं नाही.

७ जुलै, सोमवार

मोटर कितीदा चालू-बंद झाली कोण जाणे. नट एकदाही अडखळला नाही. मामाजी खोलीत डोकावून म्हणाले, “पाठ झालं वाटते.”

गुलाबजाम केले. पाक जरा कच्चा राहिला. तरी सगळे संपले.

९ जुलै, बुधवार

नाही संपलं! दुपारी तुटला. काल दुपारीही तुटला होता, मी म्हटलं होतं असेल काही. दोन्ही वेळा मोटर बंद होती. आणि थोडाथोडका नाही, बराच वेळ तुटलेला राहिला, मग गुपचूप जुळला.

कॉम्प्युटर तापतो का? दुपारी पत्र्याखाली भट्टी होते. उद्या पंखा लावीन.

१० जुलै, गुरुवार

पंखा लावला. दुपारी तुटला.

११ जुलै, शुक्रवार

आज जेवण अर्धवट टाकून उठले. चपला हातात घेऊन, बांधावरून, आवाज न करता गेले. भुपेंद्र म्हणाला, मांजर पकडायला चालली का?

मोटरच्या खोलीचं दार लोटलं.

मामाजी स्टुलावर बसलेले. यूपीएसची वायर काढलेली, त्यांच्या मांडीवर. तिच्या जागी कॉम्प्युटरला त्यांचा मोबाईल जोडलेला. आणि ते मोबाईलवर दंडार पाहत होते!

“मामाजी!!”

“बॅटरी संपली होती वो.”

“म्हणून यूपीएस काढला?”

“मंग कुठं लावू?”

“शेजारी हे काय आहे? रिकामंच आहे ना हे भोक! त्याच्याखाली आणखी एक!”

चष्मा वर करून त्यांनी नीट निरखून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहत असल्यासारखं. “अरे, हो का! हे पण चालते?”

मी खालीच बसले. परवानग्या, झोप, वायरी, अर्थिंग, पंखा. आणि शेवटी दंडार! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मामाजीही हसले. मग उठून त्यांनी स्वतः वायर जागेवर लावली, मी त्यावर लाल टेप गुंडाळला, आणि टेपवर मोठ्या अक्षरात लिहिलं — मामाजी, नाही.

१५ जुलै, मंगळवार

चार दिवस झाले. एकदाही नाही. भुपेंद्रने मेन स्विच पाडून पाहिला — मी घरी कपडे घडी करत होते, घडी पुरी व्हायच्या आत निरोप आला. अगदी आईंच्या साध्या मोबाईलवरसुद्धा.

मामाजी मात्र खाटेवरच झोपतात. म्हटलं, आता काय? तर म्हणतात, “आज पायरा देते, उद्या देईल का?” पहारा. दोन दिवस घरी झोपले, तर पहाटेच उठून हौद पाहायला गेले.

भुपेंद्र म्हणतो, रविवारी सांगून टाकू, नागपूरचं. हो म्हटलं.

आनंद व्हायला हवा ना? एवढं सगळं जमलं. मग मी दिवसभर चिडचिड का करत होते? पोळी करपली, भुपेंद्रवर ओरडले.

२० जुलै, रविवार

खांदा अजून ठणकतोय. अक्षर पाहा कसं येतंय.

कालच्या माद्यांनी भरभरून अंडी दिली होती. हौद नुसता मोत्यांसारखा. भुपेंद्र सकाळीच जिरे पोचवायला पवनीकडे गेला. जिरे म्हणजे नुकती बाहेर आलेली पिल्लं, पिशवीत हवा भरून नेतात. मामाजी पलीकडच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तलावावर, मोठे मासे पाहायला गेलेले. घरी आई आणि मी. वरण चुलीवर.

मोबाईल वाजला. ‘लाईट गेली.’

‘संवाद तुटला’ नाही. ‘लाईट गेली.’ मी दोनदा वाचलं.

मामाजींना फोन लावला, लागला नाही. बोडीच्या खालच्या अंगाला रेंज नसते. पळाले. मागून आई पळाल्या. चिखलात आईंची एक चप्पल राहिली ती राहिलीच.

हौदाची फिरती धार अजून होती, पण टाकीत पाणी नेमकं तेव्हाच उतरलेलं. पाऊण तास नव्हता माझ्याकडे. जनरेटरचं हँडल मी आजवर कधी हातात धरलं नव्हतं. ते उलटं बसलं तर मनगट मोडतं, हे मात्र हजारदा ऐकलं होतं.

पहिल्यांदा फिरवलं — अर्ध्यातच अडलं. दुसऱ्यांदा — फुसकन आवाज. डोळ्यांत पाणी आलं. हौदाकडे पाहिलं तर मधली अंडी खाली बसायला लागलेली.

आईंनी पदर खोचला. वरचा छोटा दांडा दोन बोटांनी उचलून धरला. “तू फिरव. जोरानं फिरव. मी सोडतो म्हटलं की हँडल काढून घेजो. अंगठा वरून धरू नको, बोटांच्याच बाजूनं धर.”

“तुम्हाला येतं?”

“बाईनं काय काय केलं हे कोणी पाहते का? फिरव!”

फिरवलं. खांदा निखळेल वाटलं. आणखी, आणखी. “सोडतो!” — दांडा खाली, हँडल माझ्या हातात, आणि धडधडधड! काळा धूर, आईंचे केस काळे, माझं तोंड काळं. मोटर उठली. पाणी फिरलं. अंडी हळूहळू वर आली. आम्ही दोघी एकमेकींना धरून रडत होतो की हसत होतो, कळत नव्हतं.

मामाजी तेव्हा पोचले. वर चढावर आल्यावर त्यांच्या मोबाईलवर निरोप आला असावा. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडाने श्वास. हौदाच्या काठावर बसले, पाण्यात हात घातला, ओंजळीत थोडी अंडी घेऊन उन्हात धरली. मग सोडून दिली.

“जितं आहे,” म्हणाले. जिवंत आहेत.

मग खाटेवर गेले, आडवे झाले, आणि भर दुपारी, जनरेटरच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, मामाजी घोरू लागले! मी उठवायला गेले. आई म्हणाल्या, “झोपू दे. हंगामात दिवसा झोपलेला नाही पाहिला मी त्यायले कधी.” लाईट आल्यावर जनरेटर बंद केलं. आवाज थांबला तरी उठले नाहीत.

भुपेंद्र संध्याकाळी आला. नागपूरचं बोलायचं राहून गेलं. दोघांनीही आठवण काढली नाही.

२२ जुलै, मंगळवार

आईंबरोबर तांदूळ निवडत बसले होते. हसता हसता ती दंडारीची गोष्ट निघाली. मी म्हटलं, मामाजींच्या मोबाईलची बॅटरी फार लवकर संपते, नवीन घेऊ या.

“कायची संपते? सकाळी माह्यासमोर पुरी भरून नेते. शंभर झाल्याबिगर हात लावत नाही.”

मी तांदळातला खडा शोधत राहिले.

थोड्या वेळाने आईच म्हणाल्या, खाली मान घालून, “तुमी दोघं नागपूरले जाऊन राहिले, हे मालूम आहे त्यायले. भुपेंद्र फोनवर बोलत होता, ऐकलं. मशीन चालू झाली की जाणार म्हणे.”

“आई —”

“मी काही म्हटलं का? जा ना. पोरायनं जावंच.”

शेजारचं भोक रिकामं होतं. त्याच्याखालचंही. मामाजींची नजर अजून इतकी चांगली आहे की हातावर मादी घेतली की अंडी आज देईल की उद्या, सांगतात. त्यांना ते भोक दिसलं नाही?

मशीन बिघडलेलं राहिलं असतं, तर आम्हीही राहिलो असतो. बस. एवढंच करत होते ते दुपारी.

भुपेंद्रला सांगितलं नाही. काय सांगू? तुझा बाप खोडकर आहे? ते त्याला माहीत आहे.

२५ जुलै, शुक्रवार

भुपेंद्रने विचारलं, “रविवारी सांगायचं ना नक्की?” म्हटलं, “तूच सांग.” म्हणाला, “तू चांगलं बोलते.” असं तासभर.

२७ जुलै, रविवार

सांगायला बसलो. चौघं ओसरीवर. भुपेंद्रने घसा साफ केला. तेवढ्यात मामाजी म्हणाले, “आधी माह्यं ऐका. मले काही सांगाचं आहे.” आणि पानाचा डबा उघडून बसले. आईंनाही काय आहे ते ठाऊक दिसत होतं, त्या पदराशी चाळा करत होत्या. सुपारी कातरून होईना. शेवटी म्हणाले, “जाऊ दे, सकाळी सांगतो.” भुपेंद्रचा जीव भांड्यात पडला. माझा नाही.

२८ जुलै, सोमवार

पहिल्या एसटीने मामाजी आणि आई गेले. गोंदियाहून पुरीची गाडी. तिकिटं त्यांनी कधीच काढून ठेवली होती — अर्थिंगवाल्या इश्वरभाऊंकडून, मोबाईलवर! ऐन हंगामात! भुपेंद्र नुसता “बाबा, अंडी... बाबा, ऑगस्ट...” करत पिशवी धरून एसटीमागे चालत होता. मामाजींनी खिडकीतून डोकं काढलं. “सारी जिंदगी मासेच पाहिले. समुद्र नाही पाहिला. मशीन आहे. सूनबाई आहे. मंग मी कायले?” मी विचारलं, परत कधी? म्हणाले, “समुद्र पाहून झाला की.” आई पहिल्यांदाच खिडकीजवळ बसल्या होत्या, नवीन पातळ नेसून. आमच्याकडे पाहतसुद्धा नव्हत्या.

एसटी गेली. सोडून जाणार होतो आम्ही, गेले ते, आणि हॅचरी आमच्या गळ्यात! भुपेंद्र रस्त्यातच उभा. “आता नागपूरचं काय?”

मी म्हटलं, “आधी संध्याकाळच्या माद्या निवडायला चल.”